पहिल्या दिवशी पेपर, दुसऱ्या दिवशी सात जणी गायब

पत्र: मी मालवण तालुक्यात बचत गटांच्या बायकांसाठी दहा दिवसांचा फळप्रक्रिया वर्ग घेते. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कोकम सरबत, आंब्याचा पल्प, फणसपोळी, लेबल आणि हिशोब असा अभ्यासक्रम आहे. गेल्या तुकडीत २४ जणी होत्या, वय २२ ते ६१. काही जणी तीस वर्षं घरी आगळ काढतात, दोघी-तिघी पदवीधर आहेत. वरच्या कार्यालयाला ‘पूर्वचाचणी’ आणि ‘उत्तरचाचणी’ लागते, म्हणून पहिल्या दिवशी सकाळी ४० प्रश्नांचा लेखी पेपर दिला, सगळे प्रश्न चूक की बरोबर असे. गुण वर्गातच वाचून दाखवले. सरासरी ३३ आली. दुसऱ्या दिवशी सात जणी आल्याच नाहीत. शेवटच्या दिवशी तोच पेपर परत दिला, उरलेल्या १७ जणींची सरासरी ३६. कार्यालय खूश आहे, मी नाही. वर्गाच्या आधी परीक्षा घेऊच नये का? पुढच्या तुकडीसाठी ४० अर्ज आलेत, त्यातून २४ निवडायलाही हाच पेपर वापरावा असं एक जण सुचवतोय. ते बरोबर होईल का?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब मांडू. २४ जणींची सरासरी ३३, म्हणजे एकूण गुण ७९२. निघून गेलेल्या सात जणींची सरासरी २७ होती असं धरा (खरा आकडा तुमच्या गठ्ठ्यात आहे, बघून घ्या). त्यांचे १८९ गुण वजा केले की उरतात ६०३. त्याला १७ ने भागलं की साडेपस्तीसच्या आसपास येतं. म्हणजे वर्गात खडूही न उचलता, नुसत्या सात जणी कमी झाल्यामुळे सरासरी ३३ वरून ३५.५ वर गेली, आणि दहा दिवसांच्या शिकवण्याच्या वाट्याला अर्धा गुण आला. म्हणून पहिला नियम: आधीची आणि नंतरची तुलना करताना दोन्ही वेळा हजर असलेल्यांचेच पेपर घ्यायचे. गळालेल्यांची संख्या अहवालात वेगळी लिहायची.

दुसरी अडचण पेपरची. चूक-बरोबरच्या ४० प्रश्नांत नाणं उडवून उत्तरं दिली तरी सरासरी २० मिळतात. त्यात ‘काम सुरू करण्यापूर्वी हात धुवावेत’ अशा जातीचे प्रश्न असले, तर पुढचे दहा-बारा गुण फुकटचे, कारण उत्तर प्रश्नातच असतं. ३३ वरून वर जायला जागा राहते फक्त सात गुणांची. अशा पेपरात कुणाची प्रगती दिसणार?

तरीही तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘परीक्षा घ्या’ असंच आहे. फक्त तिला परीक्षा म्हणू नका आणि तशी घेऊही नका. आपल्याकडे चाचपणी हा चांगला शब्द आहे. बागायतदार अढी घालण्याआधी, म्हणजे आंबा पिकायला रचून ठेवण्याआधी, चौदा आणे तयार आंबा एकीकडे आणि कोवळा दुसरीकडे काढतो. आंब्याला तो गुण देत नाही, कुणाला किती दिवस ठेवायचं तेवढं ठरवतो. तुमच्या चाचपणीनेही तुमचं वेळापत्रक ठरलं पाहिजे. ते एका मिनिटानेही हलणार नसेल, तर चाचपणी घेऊन उपयोग नाही.

यासाठी प्रश्न काढण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात प्रश्न. दुसऱ्यात: बहुतेकींना हे आलं तर मी काय कमी करीन? तिसऱ्यात: बहुतेकींना नाही आलं तर काय वाढवीन? दुसरा आणि तिसरा रकाना भरता येत नसेल तर तो प्रश्न खोडा. ‘एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं) पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न इथेच गळेल, कारण उत्तर आलं काय, न आलं काय, तुम्ही तेच शिकवणार. ‘हा वजनकाटा शून्यावर आणून ९ ग्रॅम मीठ मोजून दाखवा’ हा मात्र राहील. अठरा जणींना जमलं तर काट्याचा तास वीस मिनिटांत उरकतो, सहाच जणींना जमलं तर पूर्ण सकाळ त्यालाच द्यावी लागते. चाळीस प्रश्नांतून अशी चाळणी लावली की दहा-बारा उरतात. तेवढे पुरे.

आता काय विचारायचं. शिकवणारे बहुधा वर्गात जे शिकवणार तेच आधी विचारतात. ते थोडं विचारा. त्याहून महत्त्वाचं आहे ते वर्गात येताना हाताशी असायला हवं असं आपण गृहीत धरतो ते. प्रौढांचे वर्ग विषयावर कमी आणि गुणोत्तरावर जास्त अडकतात. सरबतात टिकवण्याचं रसायन किती घालायचं हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. मिलिग्रॅमचं ग्रॅम करता यायला लागतं. म्हणून हा एक प्रश्न जवळून बघा:

‘एका किलो सरबताला ६०० मिलिग्रॅम लागतं. १५ किलोला किती ग्रॅम?’ पर्याय: ९ ग्रॅम, ९० ग्रॅम, ४० ग्रॅम, माहीत नाही.

बरोबर उत्तर ९. पण चुकीचे पर्याय हवेतून काढलेले नाहीत. ९० म्हणणारीने गुणाकार बरोबर केला, पण १०० मिलिग्रॅमचा एक ग्रॅम धरला. ४० म्हणणारीने ६०० ला १५ ने भागलं. तिला गुणायचं की भागायचं हेच ठरवता आलेलं नाही. दोघी चुकल्या, पण दोघींना शिकवायच्या गोष्टी वेगळ्या. पहिलीला हजार मिलिग्रॅमचा एक ग्रॅम हे काट्यावर दाखवलं की काम झालं. दुसरीला एक वाटी, दोन वाट्या, पंधरा वाट्या असं हाताने मांडून दाखवावं लागेल. चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून काढा. मागच्या तुकडीच्या वह्या चाळल्यात तर अशा चुका भरपूर सापडतील. दोन सवयी मात्र टाळा: बरोबर पर्याय सगळ्यांत लांबलचक लिहिणं, आणि शेवटी ‘वरील सर्व’ ठेवणं. विषय न कळताही माणूस त्यावर बोट ठेवतो.

‘माहीत नाही’ हा पर्याय प्रत्येक प्रश्नाला द्याच. चार पर्यायांचे बारा प्रश्न असले तर डोळे मिटून खुणा टाकल्या तरी सरासरी तीन बरोबर येतात. बायका टाकतात ते घाबरून, आणि तुमचा अंदाज फसतो. सुरुवातीलाच सांगा की ‘माहीत नाही’ला टीक केलीत तर मला सगळ्यात जास्त उपयोग.

प्रत्येक उत्तरापुढे आणखी दोन चौकोन ठेवा, ‘पक्कं’ आणि ‘अंदाज’. चुकीचं उत्तर आणि पुढे ‘अंदाज’ असेल तर सांगितलं की ती ऐकेल. चुकीचं उत्तर आणि पुढे ‘पक्कं’ असेल तर सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. तीस वर्षं आगळ काढणाऱ्या बाईंचा असा एखादा समज असतो, आणि तो चुकीचा आहे हे बावीस वर्षांच्या मुलीसमोर ऐकून घेण्याची त्यांना गरज वाटत नाही. उदाहरणार्थ, आंबा आणि लिंबाच्या स्क्वॉशला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे टिकवण्याचं रसायन चालतं, म्हणून कोकमालाही तेच चालेल, हे उत्तर ‘पक्कं’ म्हणून येतं. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हींत सारखाच पातळ कोकम रस. एकात त्या पावडरची चिमूट टाकून ढवळा. लाल रंग उतरायला लागतो, कारण त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड कोकमाचा लाल रंग घालवतो. म्हणूनच गडद लाल-जांभळ्या रसांना सोडियम बेंझोएट वापरतात. दोन ग्लास शेजारी ठेवले की वाद उरत नाही, आणि चूक कुणाची होती हेही बोलावं लागत नाही. खिडकी उघडी ठेवा. कुणाला दमा असेल तर तिला मागे बसवा, त्या वायूने छाती भरते.

पण उलटही होतं. प्रश्न तुमच्या भाषेत असतो आणि उत्तर त्यांच्या भाषेत. ‘सिरपचा ब्रिक्स किती असावा?’ याला जी बाई गप्प बसते, तीच ‘पाक किती तारी?’ म्हटल्यावर बोटांत घेऊन दाखवते. दोन्ही गोष्टी एक नाहीत, तार हा अंदाज आहे आणि ब्रिक्स हे मोजमाप (शंभर ग्रॅममध्ये साखर किती ग्रॅम), पण पाक कधी तयार होतो हे तिला कळतं. तिला शिकवायचं राहिलं ते उपकरण आणि सिरपच्या ब्रिक्सचा ‘६५’ हा आकडा. शब्द येत नाही आणि गोष्ट येत नाही, या दोन गोष्टी चाचपणीत वेगळ्या ठेवा. रातांबे (कोकमाची फळं), आगळ, आमसुलं, साठं, गरे असेच शब्द पेपरात घाला. छापण्याआधी तुकडीबाहेरच्या तिघी-चौघींना पेपर वाचून दाखवा. जिथे कुणी ‘म्हणजे काय गो?’ विचारलं, ते वाक्य बदला.

कागदावर सगळं कळत नाही, निम्मं काम हाताचं आहे. बारा प्रश्नांतले सहा कागदावर ठेवा, बाकीचे सहा तीन टेबलांवर मांडा. आठ-आठ जणींचे तीन गट, प्रत्येक टेबलावर दहा मिनिटं, म्हणजे अर्धा तास. प्रत्येक टेबलावर एक माणूस लागेल. तुम्ही आणि दोन मदतनीस.

पहिल्या टेबलावर दोन डिजिटल काटे, वाटी, मीठ. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि चिठ्ठीत लिहिलेलं वजन मोजायचं. वाटीसकट वजन घेणं ही इथली नेहमीची चूक. काटे दोन ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत आठ जणी होत नाहीत. आणि चिठ्ठीवरचं वजन प्रत्येकीचं वेगळं ठेवा: ७, ९, १२ ग्रॅम असं. सगळ्यांना ९ ग्रॅम दिलंत तर पहिलीचा ढीग बघून बाकीच्या सातजणी तेवढाच ढीग करतात, आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना येतं.

दुसऱ्या टेबलावर चार बाटल्या. एकीच्या लेबलवर सगळं आहे. एकीवर वापरण्याची शेवटची तारीख नाही, एकीवर परवाना क्रमांक नाही, एकीवर घटकांची यादी नाही. कोणती बाटली बाजारात न्याल, आणि बाकीच्या का नाही? उत्तर आपापल्या चिठ्ठीवर, खुणेने लिहिलं तरी चालेल. घाईत तारीख शोधता न येणं आणि तारीख लागते हे माहीतच नसणं यांत फरक आहे. तिथल्या मदतनीसाने एवढंच बघायचं की बाई लेबलवर नेमकं काय शोधतेय.

तिसऱ्या टेबलावर हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं हातात धरायचं उपकरण. यात घोळ होतो तो उपकरण निवडताना. ० ते ३२ चं उपकरण रसासाठी, सिरप आणि जॅमला वरच्या पट्टीचं लागतं. ० ते ३२ मध्ये ६५ चं सिरप टाकलं तर निळ्या-पांढऱ्याची रेघच दिसत नाही, सगळं एकाच रंगाचं दिसतं आणि बाईला वाटतं आपल्या डोळ्यांत दोष. चाचपणीला ० ते ३२ चंच घ्या आणि साखरपाणी स्वतः बनवा: १५ ग्रॅम साखर आणि ८५ ग्रॅम पाणी म्हणजे १५ ब्रिक्स. तसंच २० ला ८०, २५ ला ७५. बाटल्यांवर क, ख, ग लिहा, आकडा लिहू नका. पाणी कोमट असेल तर थंड होऊ द्या. गरम थेंबाचं वाचन कमी येतं. (हीच चूक सरबत उकळताना महागात पडते: गरम थेंब कमी दाखवतो, म्हणून बाई आणखी आटवते आणि आठवड्याने बाटलीच्या तळाशी साखर बसते.) तुमच्या वर्गात याआधी कुणीच हे उपकरण हाताळलं नसेल अशी खात्री असेल तर हे टेबल काढून टाका. सगळ्यांना शून्य येणार हे ठाऊक असताना चोवीस जणींना नापास करून काय मिळणार? त्या जागी ‘पाक झाला हे कसं ओळखता?’ हे तोंडी विचारा.

नोंद सोपी ठेवा. आपापलं केलं तर २, एक इशारा दिल्यावर केलं तर १, करून दाखवावं लागलं तर ०. मदतनिसांना आदल्या दिवशी हे तीन आकडे नीट समजावा, कारण एक जण इशाऱ्याला १ देतो आणि दुसरा मायेने २ देतो. इशाऱ्याचं वाक्यही ठरवून टाका: ‘वाटीचं वजन धरलंत का?’ एवढंच, त्यापुढे एक शब्द नाही.

वेळ कोणती? पहिल्या दिवशी सकाळी नको. तुमचं वेळापत्रक तोवर छापलेलं, सामान आणलेलं, पाहुणे बोलावलेले. निकाल कितीही चांगला वाचलात तरी बदलायला हात मोकळा नसतो. पाच-सहा दिवस आधी घ्या, शक्यतो त्यांच्याच गटाच्या मासिक बैठकीला जोडून, देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत. बैठकीला त्या येणारच असतात, वेगळी एसटी पकडावी लागत नाही. दुपारी उशिरा ठेवू नका, परतीच्या गाडीकडे डोळे लागले की पेपर कोणी वाचत नाही.

आता त्या सात जणींचं. गुण वाचून दाखवल्यामुळे त्या गेल्या, हा तुमचा अंदाज बरोबर असेल, पण नुसतं वाचणं थांबवून भागणार नाही. लेखी पेपर हातात आला की ज्यांची शाळा सातवीला सुटली त्यांना तीच शाळा आठवते. आणि चाळिशीनंतर जवळचं वाचताना डोळे साथ देत नाहीत. ‘चष्मा घरी राहिला’ हे वाक्य कानावर आलं की दोन शक्यता असतात: चष्मा खरोखरच राहिला, किंवा वाचताच येत नाही. कोणती, हे शोधायला जाऊ नका. उपाय दोन्हींना एकच: प्रत्येक प्रश्न तुम्ही मोठ्याने, सगळ्यांसाठी, दोनदा वाचा. मग कुणी वेगळी पडत नाही. अक्षर १८ पॉइंटचं, एका पानावर तीनच प्रश्न. औषधाच्या दुकानातून १.५, २ आणि २.५ नंबरचे तयार चष्मे आणून टेबलावर ठेवून द्या, काही न बोलता. कुणाला हवा ती उचलते.

कागदावर नाव नको, क्रमांक असू दे, आणि कोणाचा कोणता हे तुमच्याच वहीत. लाल पेन घरी ठेवा. सुरुवातीला असं काहीसं बोला: ‘आज तुमची परीक्षा नाही. दहा दिवसांत काय शिकवायचं आणि काय गाळायचं हे मला ठरवायचंय. तुम्हाला जे येतं ते परत शिकवून तुमचा दिवस फुकट घालवणार नाही. हे गुण कुणाला दाखवणार नाही, गटाच्या अध्यक्षांनाही नाही.’ आणि मग खरंच दाखवू नका. एक कागद जरी सरपंचांच्या बैठकीत फिरला तरी पुढच्या तुकडीत कुणी खरं लिहिणार नाही.

त्यावरूनच तुमचा निवडीचा प्रश्न. नाही, ४० मधून २४ निवडायला ही चाचपणी वापरू नका. जागा त्यावर अवलंबून आहे हे कळलं की ‘माहीत नाही’ला कुणी टीक करत नाही, आणि मग कागद तुम्हाला काहीच सांगत नाही. निवड वेगळ्या गोष्टींवर करा: गटात प्रत्यक्ष विक्री कोण करतं, दहाही दिवस कोण येऊ शकतं, आधी अर्ज कुणाचा आला. ज्यांना मिलिग्रॅम-ग्रॅम जमलं नाही त्यांना नाकारायचंही कारण नाही. वर्गाच्या आदल्या दिवशी दोन तासांची हिशोबाची बैठक ठेवा, काटा आणि वाट्या घेऊन. त्या दोन तासांत बहुतेकींची गाडी रुळावर येते.

निकाल वाचायचा कसा, हा भाग बहुतेक जण चुकवतात. आडव्या ओळींत २४ बायका, उभ्या रकान्यांत १२ प्रश्न, चौकटीच्या कागदावर. जमलं ती चौकट पेन्सिलीने काळी करा. एकूण गुणांची बेरीज करू नका, निदान आत्ता तरी नाही. उभे रकाने बघा. अठरा किंवा जास्त चौकटी काळ्या असतील तर तो विषय आखडता घ्या. आठ किंवा कमी असतील तर पायापासून शिकवा. मधले रकाने जोड्यांनी शिकवायचे: एकीला येतं, एकीला नाही. हे आकडे काही शास्त्रातले नाहीत, तीन-चतुर्थांश आणि एक-तृतीयांश असा व्यवहार आहे. जोड्या प्रत्येक विषयाला बदला. काट्यात हुशार असलेली लेबलमध्ये कच्ची निघते, आणि ‘हुशारांचा गट’ असा दहा दिवसांचा शिक्का कुणावर बसत नाही. जोड्या लावताना नाती बघा. सासू-सून एकाच तुकडीत असतील तर सुनेला शिकवणारी म्हणून बसवू नका. दोघीही त्या तासाला काही बोलणार नाहीत.

सगळंच येतं अशी एखादी निघेल. तिला फुकटची मदतनीस करण्याचा मोह आवरा. ती शिकायला आली आहे. तिला पुढचं काम द्या: एका बाटलीचा खरा खर्च काढणं, झाकण-बाटली-गॅस-वाहतूक आणि स्वतःची मजुरी धरून. हा हिशोब वर्षानुवर्षं विकणाऱ्यांपैकीही अनेकींनी कधी मांडलेला नसतो.

चुकलेली उत्तरं दाबून ठेवू नका. लिंडसे रिचलँड, नेट कॉर्नेल आणि लिश काओ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की शिकण्याआधी प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि तो चुकला, तरी नंतर शिकवलेली तीच गोष्ट जास्त लक्षात राहते. अट ही की नंतर बरोबर उत्तर मिळालं पाहिजे. प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचे होते आणि मजकूर वाचनाचा होता, म्हणून तुमच्या वर्गात जादू होईल असं समजू नका. पण ज्या दिवशी जो विषय, त्या दिवशी सकाळी चाचपणीतला तो प्रश्न फळ्यावर लिहा, आणि संध्याकाळी परत त्याच्याकडे या. त्यात खर्च काहीच नाही.

शेवटच्या दिवशी तोच पेपर पुन्हा दिलात ही चूक सुधारा. प्रश्नाचा सांगाडा तोच, आकडे वेगळे: ६०० ऐवजी ३५०, १५ किलोऐवजी २० किलो (उत्तर ७ ग्रॅम). बाटल्यांवरच्या उणिवाही बदला. कार्यालयासाठी एक आकडा हवाच असेल तर नुसत्या सरासरीऐवजी हा द्या: वाढलेले गुण भागिले वाढायला असलेली जागा. अमेरिकन पदार्थविज्ञानाचे अध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. बारापैकी सरासरी ४ वरून ९ झाली तर वाढ ५, जागा ८, म्हणजे ६३ टक्के. तुमच्या जुन्या पेपरात वाढ ३, जागा ७, म्हणजे ४३ टक्के. पण वर बघितलंच की त्यातले अडीच गुण गळतीचे होते.

‘तुम्हाला हा विषय किती येतो, १ ते ५’ असा स्वतःलाच गुण द्यायचा प्रश्न कार्यालयाच्या फॉर्ममध्ये असेल. तो आधी आणि नंतर विचारून वजाबाकी करू नका. पहिल्या दिवशी ४ लिहिणारी बाई दहा दिवसांनी ३ लिहिते, कारण किती येत नव्हतं हे तिला आता कळलेलं असतं. कागदावर ती मागे गेलेली दिसते. तो प्रश्न ठेवायचाच असेल तर शेवटच्या दिवशी दोन्ही विचारा: आज किती येतं, आणि पहिल्या दिवशी खरं किती येत होतं असं आता वाटतं?

राहिल्या त्या सात जणी. त्यांच्यासाठी पुढच्या तुकडीत जागा ठेवा आणि फोन तुम्ही स्वतः करा, गटाच्या अध्यक्षांकडून निरोप नको. ‘परीक्षा नाही आता’ असं म्हणू नका, त्याने जुनीच गोष्ट उकरली जाते. ‘रातांबे यायला लागलेत, यंदा काटे दोन आणलेत, या बघायला’ एवढंच म्हणा. आणि मागच्या पेपरांचा गठ्ठा कपाटात असेल तर तो वर्गाच्या खोलीतून आधी हलवा.